शांत संगणकाची जुळणी

घरी जुळवलेल्या गेमिंगच्या संगणकात आवाज करणारे भाग मोजकेच असतात. कॅबिनेटचे पंखे, प्रोसेसरवरचा पंखा, ग्राफिक्स कार्डाचे दोन किंवा तीन पंखे, एसएमपीएसमधला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातला, एक पंखा आणि असलीच तर फिरणारी हार्ड डिस्क. आवाज नकोसा झाला की पहिला विचार चांगला पंखा आणण्याचा येतो. पण पंखा आपणहून जोरात फिरत नाही. त्याला उष्णता फिरवते. संगणकाने प्लगमधून ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. खेळ रंगात आला असताना यंत्र ३०० वॅट ओढत असेल, तर ३०० वॅट उष्णता त्याच खोलीत ओतली जात असते आणि ती भागांपासून दूर नेण्याचे काम पंख्यांवर पडते.

हीच उष्णता भागांचे आयुष्यही खाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की आयुष्य दुप्पट होते. बेअरिंगमधले वंगण, पंख्याची मोटर, यूपीएसची बॅटरी यांचे गणितही त्याच दिशेने जाते. म्हणून शांत संगणक आणि टिकाऊ संगणक या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. मुळात कमी तापणारे भाग निवडायचे आणि झालेली उष्णता मोठ्या वाटेने, सावकाश बाहेर काढायची, एवढ्यात दोन्ही साधतात. पहिलाच संगणक जुळवणाऱ्याने बाकीचे तपशील विसरले तरी चालेल, हे सूत्र विसरून चालणार नाही.

जागा ठरल्याशिवाय मात्र भागांची यादी करता येत नाही. येथे धरलेली जागा म्हणजे लाटंबार्से, गोव्याच्या डिचोली तालुक्यातले, महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. पलीकडे सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका सुरू होतो. अशा गावात रात्री वाहनांची ये-जा थांबली की खोलीतला मूळ आवाज इतका खाली जातो, की शहरात कानावरही न येणारा पंखा येथे स्पष्ट ऐकू येतो. पावसाळ्यात बेडूक आणि छपरावरचा पाऊस त्याला झाकून टाकतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री झाकणारे काही नसते. शिवाय जुन्या कौलारू घरात आतल्या भिंती अनेकदा छपरापर्यंत पोहोचत नाहीत. एका खोलीतली घरघर भिंतीवरून दुसऱ्या खोलीत उतरते आणि तिथे कोणी म्हातारे माणूस झोपलेले असते, कोणी परीक्षेचा अभ्यास करत असते. शांतता ही खेळणाऱ्याची हौस आहेच, पण त्याहून जास्त ती घरातल्या इतरांची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूत्रांत चांगल्या झोपेसाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. साध्या कामाच्या वेळी संगणक ऐकूच येऊ नये आणि खेळाच्या वेळी हाताच्या अंतरावरून याच आकड्याच्या आसपास राहावा, हे लक्ष्य योग्य भागांनी गाठता येते.

हवामानाचे म्हणणेही ऐकावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच ३३-३४ अंश असतात. संगणकाच्या भागांची परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेली असतात, त्यामुळे त्यांतल्या प्रत्येक तापमानात सुमारे १० अंश मनातल्या मनात मिळवून वाचावे. पावसाळा चार महिन्यांचा, पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि त्या काळात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या खाली फारशी येत नाही. कोरड्या दिवसांत तांबडी धूळ असते. जांभ्याची माती मुळातच बारीक, आणि डिचोली तालुक्याने तर लोहखनिजाच्या ट्रकांची धूळ वर्षानुवर्षे सोसली आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरवले, पण खाणपट्ट्यातल्या माणसाला पडद्यावरचा तांबडा थर अजून आठवतो. उष्णता, दमट हवा, धूळ आणि पावसाच्या आगेमागे होणारा विजांचा कडकडाट या चारही गोष्टी धरून निवड करायची, तर यादीचा क्रम दुकानातल्या क्रमापेक्षा वेगळा होतो.

या यादीतली पहिली वस्तू संगणकात बसतच नाही. ती म्हणजे अर्थिंग. एसएमपीएसच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून धातूच्या अंगापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. ते विजेतला खरखराट जमिनीत सोडतात. प्लगमधली तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल, तर कॅबिनेटचे अंग पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. अनवाणी पायांनी फरशीवर उभे राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या याच. करंट इतका थोडा असतो की सहसा इजा होत नाही, पण घराचे अर्थिंग नाही याचा तो रोकडा पुरावा असतो. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. म्हणून संगणक घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवावी आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे. यावर झालेला खर्च संगणकाच्या खर्चातच धरावा. जवळ पडलेल्या विजेपुढे बाजारातले कोणतेही स्पाइक गार्ड खात्रीचे नसते. गडगडाट ऐकू आला की प्लग काढणे हाच उपाय. इंटरनेट फायबरने येत असेल तर एक वाट बंद होते, कारण काचेच्या तंतूतून वीज येत नाही. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून ती येई आणि मोडेमसह मदरबोर्डही घेऊन जाई.

दुसरी वस्तू यूपीएस. गोव्याच्या गावांत पावसाळ्यात तारांवर फांद्या पडतात, वीज जाते, येते, पुन्हा जाते. संगणकाला त्रास होतो तो जाण्यापेक्षा अशा झटक्यांचा. यूपीएसवर लिहिलेला व्हीए हा आकडा वॅट नव्हे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मॉनिटरसह ३०० वॅट ओढणाऱ्या यंत्राला तो जेमतेम पुरतो, तेव्हा १,००० ते १,१०० व्हीएचा घ्यावा. व्होल्टेज आतल्या आत सावरणारा, म्हणजे लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा असावा. अशा यूपीएसमुळे वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज उरत नाही. काही एसएमपीएस यूपीएसच्या नकली साइन लहरीवर नीट चालत नाहीत, बॅटरीवर जाताच संगणक बंद पडतो; शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस महाग असला तरी ही शंका मिटवतो. त्यातली शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेत लवकर मरते, म्हणून यूपीएस बंद कपाटात किंवा कॅबिनेटच्या गरम हवेच्या वाटेत ठेवू नये. यूपीएसचा उद्देश खेळ चालू ठेवणे हा नाही. खेळ साठवून, यंत्र नीट बंद करण्याइतकी पाच-सात मिनिटे त्याने द्यावीत.

तिसरी वस्तू एसएमपीएस, आणि येथे काटकसर करू नये. स्वस्त संगणकात सर्वात आधी कापली जाते ती हीच. ती गेली तर एकटी जात नाही, मदरबोर्ड आणि कार्ड बरोबर नेते. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष कपॅसिटरांची साथच आली होती. फुगलेल्या, गळक्या कपॅसिटरांनी जगभरातले मदरबोर्ड आणि एसएमपीएस मारले. त्या अनुभवानंतर १०५ अंशांचे, जपानी बनावटीचे कपॅसिटर ही चांगल्या एसएमपीएसची ओळख ठरली. कार्यक्षमतेची ८० प्लस ही खूण २००४ पासून प्रचारात आहे. तिची गोल्ड श्रेणी म्हणजे निम्म्या भाराला सुमारे ९० टक्के वीज कामाला लागते, उरलेली दहा टक्के त्या डब्यातच उष्णता होते. ३०० वॅटच्या यंत्राला ५५० ते ६५० वॅटची गोल्ड एसएमपीएस घ्यावी. मग ती बहुतेक काळ निम्म्या भारावर चालते, तिचा पंखा मंद राहतो आणि उद्या थोडे मोठे कार्ड घेतले तरी ती पुरते. चांगल्या एसएमपीएसवर ७ ते १० वर्षांची हमी मिळते. इतक्या काळात कार्ड एकदा तरी बदलले जाते. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारी सोय आकर्षक वाटते, पण मे महिन्याच्या दुपारी ती बंद ठेवणे शहाणपणाचे. अखंड, मंद फिरणारा पंखा कानाला कळत नाही. थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा लगेच कळतो. कान आवाजापेक्षा आवाजातला बदल पकडतो, आणि शांत संगणकाच्या जुळणीतले निम्मे कसब या एका गोष्टीभोवती फिरते.

यानंतर मॉनिटर. हा क्रम विचित्र वाटेल, पण संगणक किती तापणार हे प्रोसेसरपेक्षा मॉनिटर ठरवतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३७ लाख, आणि ४के पडद्यावर ८३ लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रात इतके ठिपके रंगवायचे असतात, तेही सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा. ४के पडदा घेतला की मोठे कार्ड आले, मोठ्या कार्डाबरोबर उष्णता आली आणि उष्णतेमागोमाग आवाज. पहिल्या संगणकाला २४ इंची १०८० चा किंवा २७ इंची १४४० चा मॉनिटर पुरेसा आहे. तो दहा वर्षे टिकतो आणि रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून चकाकीच्या संख्यांपेक्षा डोळ्यांना मानवणारा आयपीएस पडदा आणि उंची बदलता येणारा स्टँड यांकडे पाहावे.

मग ग्राफिक्स कार्ड. संगणकातली सर्वात तापट आणि सर्वात आवाजी वस्तू हीच. २०२३ चे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट ओढते, २०२५ चे आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी सुमारे १६० वॅट, आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॅट. आरटीएक्स ५०९० मात्र ५७५ वॅट. पहिल्या तीनपैकी कोणतेही कार्ड कौलारू खोलीत शांत ठेवता येते. शेवटचे गोव्याच्या मे महिन्यात वातानुकूलन यंत्राशिवाय ठेवण्याचा विचारही करू नये, आणि वातानुकूलन यंत्राचा आवाज संगणकापेक्षा मोठा असतो. टिकण्याच्या दृष्टीने कार्डावरची स्मृती महत्त्वाची आहे. ८ जीबीची कार्डे नव्या खेळांत अडखळू लागली आहेत. १६ जीबीचे कार्ड त्याच चिपवर काही वर्षे जास्त काढते. एकाच चिपची कार्डे निरनिराळ्या कंपन्या बनवतात, त्यांत जाड हीटसिंक आणि तीन पंखे असलेले कार्ड आखूड दोन पंख्यांच्या कार्डापेक्षा बहुधा शांत असते. कॅबिनेटमध्ये ते मावेल की नाही हे मात्र पट्टीने मोजून घ्यावे.

कार्ड आणल्यावर दोन गोष्टी फुकटात करता येतात. पहिली, मॉनिटर दाखवू शकतो त्यापेक्षा जास्त चित्रे काढू न देणे. मर्यादा घातली नाही, तर कार्ड खेळाच्या साध्या मेनूवर सेकंदाला शेकडो चित्रे काढत बसते, तापते आणि त्याच्या कॉइलमधून बारीक किरकिर येऊ लागते. दुसरी, कार्डाचा व्होल्टेज थोडा उतरवणे. चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तोच वेग ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरला तर खर्च जवळजवळ १९ टक्क्यांनी घटतो. प्रत्येक चिपला इतके झेपेलच असे नाही. थोडे थोडे उतरवत, खेळून पाहत पुढे जावे.

प्रोसेसरमध्ये सॉकेट आधी पाहावे, वेग नंतर. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले, २०१७ मध्ये रायझनबरोबर घरोघर पोहोचले, आणि २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा गेमिंगचा उत्तम प्रोसेसर त्याच सॉकेटात बसला. २०१७ मध्ये मदरबोर्ड घेतलेल्यांपैकी कित्येकांना बायोस नवा करून पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता आला. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटाला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. पहिल्या संगणकासाठी ६५ वॅटचा, सहा गाभ्यांचा रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर भरपूर झाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना जास्तीच्या व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि कंपनीला हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. वेगाचा शेवटचा पाच टक्के हिस्सा पिळून काढण्याची किंमत आयुष्यातून मोजली जाते, ते त्या प्रकरणात जगाला दिसले.

प्रोसेसरवर कूलर बसतो, आणि त्याचे काम डिचोली-पेडण्याकडच्या माणसाला समजावून सांगायला काजूच्या भट्टीइतके चांगले उदाहरण नाही. मार्च ते मे या दिवसांत भट्टीवर काजूचा रस उकळतो, वाफ नळीतून थंड पाण्यातल्या भांड्याकडे जाते, तिथे गार होऊन ऊर्राक ही काजूची दारू थेंबाथेंबाने उतरते. कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपमध्ये हेच घडते, फक्त नळी दोन्ही बाजूंनी बंद असते. आत थोडेसे पाणी आणि जवळजवळ निर्वात पोकळी. प्रोसेसरच्या बाजूला पाणी कमी तापमानालाच उकळते, वाफ दुसऱ्या टोकाला पंख्याच्या वाऱ्यातल्या पातळ पात्यांपाशी जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येते. यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून झिजणाराही नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेली ही युक्ती आज प्रत्येक बऱ्या कूलरमध्ये असते. पाण्याचा पंप असलेले द्रवशीतक दिसायला देखणे, पण त्यात पंप झिजतो, रबरी नळ्यांतून काही वर्षांत द्रव उडतो आणि हवेचा बुडबुडा अडकला की गुळगुळ ऐकू येते. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर चार-सहा हीटपाइपांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा मनोरा बसवला तर पंखा मंदच राहतो, आणि पंखा मेला तर तेवढाच बदलता येतो.

आता पंखे आणि कॅबिनेट. पंख्याची हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते. आवाज मात्र त्याहून फार वेगाने. ढोबळ सूत्राने फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज १५ डेसिबलने उतरतो. एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन लावले तर हवा तेवढीच मिळते, दुसऱ्या पंख्यामुळे ३ डेसिबल वाढतात, आणि तरी १२ डेसिबल वाचतात. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. १४० मिलिमीटरचा पंखा १२० च्या पंख्याइतकी हवा हिशेबाने दोन-तृतीयांशहून कमी फेऱ्यांत देतो. म्हणून तत्त्व साधे आहे: मोठे पंखे, थोडे जास्त, आणि सगळे मंद. हवा किती लागते तेही मोजता येते. ३०० वॅट उष्णता मिनिटाला ५० घनफूट हवेतून बाहेर गेली, तर ती हवा सुमारे ११ अंश तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केली तर साडेपाच अंश. आणखी दुप्पट करून तीन अंशही मिळत नाहीत, आवाज मात्र कितीतरी वाढतो. पुढे दोन आणि मागे एक असे १४० मिलिमीटरचे पंखे इतकी हवा रमतगमत देतात. बेअरिंग द्रव प्रकारचे असावे, स्वस्त स्लीव्ह बेअरिंग आडवे बसवले की लवकर खडखडते. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ कंपनी आपल्या पंख्यांवर सहा वर्षांची हमी देते. तिचे तपकिरी पंखे अनेकांना कुरूप वाटतात, पण झाकणाआड रंग कोणाला दिसतो?

कॅबिनेट निवडताना कौलारू छपराचा विचार शहरातल्या परीक्षकाला सुचणार नाही. आजची बहुतेक कॅबिनेटे वरून जाळीची असतात, गरम हवा वर जावी म्हणून. कौलांखाली मात्र वरून धूळ, वाळवीचा भुसा, पालीची घाण आणि एखादे कौल सरकले तर पाण्याचे थेंब पडतात. म्हणून अशा खोलीसाठी माथा बंद असलेले, पुढून जाळीचे आणि मागून हवा सोडणारे कॅबिनेट घ्यावे. पुढच्या जाळीमागे धुता येणारा बारीक फिल्टर हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते. मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या लावलेल्या असाव्यात, नाहीतर उबेसाठी मुंग्या आणि पाली आत शिरतात आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतःही मरते, यंत्रालाही मारते. काचेच्या दारापेक्षा जाड पत्र्याचे, आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेले दार शांत. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात फरशीला पाझर फुटतो आणि धूळही जमिनीलगतच जास्त असते. लाकडी स्टूल पुरते. त्याखाली रबराचे तुकडे ठेवले की कंप स्टुलात उतरून घुमत नाहीत.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी यांना आवाज नसतो, त्यामुळे त्यांचे थोडक्यात आटोपते. मदरबोर्ड मधल्या किमतीचा, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंक असलेला आणि प्रोसेसर न बसवताही बायोस नवा करता येणारा असावा. एक काळ असा होता की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्मार्टलिंक कंपनीच्या कारखान्यात मदरबोर्ड तयार होत. गोव्याच्या मुलाला गोव्यात बनलेला बोर्ड घेता येई. रॅम दोन पट्ट्यांत ३२ जीबी, दिवे नसलेली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा १६ जीबीने सुरुवात करायला हरकत नाही. एसएसडी चौथ्या पिढीची, १ टीबीची पुरे. पाचव्या पिढीची जास्त तापते आणि खेळांत तिचा फरक फारसा जाणवत नाही. फिरती हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये नकोच. घरातले फोटो, कागदपत्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एरवी काढून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी. कीबोर्ड निवडताना एवढेच पाहावे की बटणे कटकट वाजणारी नसावीत. मध्यरात्री तीच सगळ्या पंख्यांपेक्षा मोठ्याने ऐकू येतात.

सुटे भाग लाटंबार्सेत मिळण्यासारखे नाहीत. डिचोली आणि म्हापसा येथे संगणकाची दुकाने आहेत, पणजीत जास्त. उरलेले भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून किंवा कुरियरने येतात. जवळच्या दुकानातून चार पैसे जास्त देऊन घेणे एका बाबतीत परवडते: भाग बिघडला तर तो परत कोठे पाठवायचा हा प्रश्न दुकानदार सोडवतो. कोणत्याही भागाचे पैसे मोजण्याआधी त्या कंपनीचे सेवा केंद्र गोव्यात आहे की माल मुंबई-बेंगळुरूला पाठवावा लागतो, हे विचारावे. बिल स्वतःच्या नावाचे, जीएसटीसह, भागाच्या अनुक्रमांकासकट घ्यावे. कागदाचे बिल आणि खोकी पावसाळ्यात बुरशी धरतात, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवावा.

या शतकाच्या सुरुवातीला सायबरएज योजनेतून सरकारने अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक दिले, तेव्हा गोव्यातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा संगणक आला. पण तो तयार डबा होता. बिघडला की उचलून न्यायचा. स्वतः जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक स्क्रू कोठे आहे हे जुळवणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्यामुळे यंत्र दुरुस्त होत होत जगते. जुळणीला कोरडा दिवस आणि दिवसाचा उजेड निवडावा. दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, डिसेंबरच्या कोरड्या हवेत जास्त. कोणताही भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावण्याची सवय पुरते. वातानुकूलित गाडीतून किंवा दुकानातून आणलेले भाग लगेच उघडू नयेत. दमट हवेत थंड धातूवर दव धरते. दोन तास खोक्यातच राहू द्यावेत. तारा मागच्या बाजूने वळवून बांधाव्यात, हवेच्या वाटेत एकही येऊ नये.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये जाऊन पंख्यांची चाल ठरवणे हा जुळणीचाच भाग आहे. कारखान्यातून आलेल्या मांडणीत प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा लगेच उसळतो. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते, ती चालू करावी. ६० अंशांपर्यंत पंखे एकाच मंद वेगावर, त्यानंतर हळूहळू चढणारे आणि ८५ अंशांनंतरच पूर्ण वेगाने असे ठेवावेत. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले आहेत, तेव्हा खेळताना ७५ दिसले म्हणून घाबरून पंखे वाढवू नयेत. ही मांडणी थंडीत करून भागत नाही. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी तासभर खेळून तापमान पाहावे आणि तेव्हा जे जमते ते वर्षभर ठेवावे.

देखभाल वर्षातून दोनदा करावी. मे महिन्यात, घरात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी चालू असते त्याच सुमारास, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावेत आणि आतली धूळ ब्लोअरने काढावी. धूळ ओलावा धरून ठेवते आणि ओली धूळ मदरबोर्डवरच्या दोन बिंदूंना जोडू शकते, म्हणून पावसाआधीची सफाई चुकवू नये. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरावे, मोकळे फिरले तर बेअरिंग झिजते. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालवावा. चालू यंत्राची ऊब त्याला कोरडे ठेवते आणि आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्यालाच बुरशी आणि गंज लागतो. गणेश चवथीला दूरच्या गावी जायचे असेल तर प्लग काढून कॅबिनेटवर सुती कापड टाकावे, प्लास्टिक नव्हे. दुसरी सफाई दिवाळीनंतर, कोरडे दिवस लागल्यावर.

भाग बदलण्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. यूपीएसची बॅटरी दोन ते चार वर्षांनी जाते; जुनी बॅटरी परत देऊनच नवी घ्यावी, कारण शिसे कचऱ्यात टाकण्याची वस्तू नाही. तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते, ती पुसून नवी लावावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच-सहा वर्षांनी, आणि त्याच सुमारास एखादा पंखा. नवे खेळ झेपेनासे झाले की ग्राफिक्स कार्ड बदलते, मग त्याच सॉकेटात प्रोसेसर. काढलेले कार्ड चालू अवस्थेत असेल तर धाकट्या भावंडाच्या यंत्रात बसते. कॅबिनेट, एसएमपीएस, कूलर, मॉनिटर आणि भिंतीतले अर्थिंग तेवढे जागच्या जागी राहतात, आणि दुसऱ्या संगणकाच्या यादीत ती नावे लिहावी लागत नाहीत.